टेबलावरचा एमआरआय: पिट्युटरीच्या ऑपरेशनआधी घरच्यांनी काय विचारावं

पिट्युटरीची गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कॅन्सर आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. दुसरा प्रश्न, ‘डोकं उघडणार का?’ त्याचंही उत्तर बहुतेकदा ‘नाही, नाकातून काढतात’ असंच येतं. तिसरा प्रश्न अलीकडचा आहे. मुंबईला किंवा बंगळूरूला चौकशी करून आलेला एखादा भाचा सांगतो की तिकडच्या अमुक इस्पितळात ऑपरेशन चालू असतानाच एमआरआय काढतात, त्यामुळे गाठ मागे राहत नाही. मग बांबोळीला किंवा बेळगावला कशाला, तिकडेच नेऊ या. बार्देश, पेडणे, डिचोलीतल्या कितीतरी घरांना या एका वाक्यावर लाखांचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑपरेशनच्या टेबलावरचं स्कॅनिंग खरोखर कामाचं आहे, पण प्रत्येक गाठीला नाही आणि कोणाच्याही हातात नाही. आपली गाठ कोणत्या जातीची, ती कुठवर पसरलेली, आणि ती काढणाऱ्या सर्जनने अशा किती काढल्या आहेत, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय यंत्राच्या मागे धावू नये.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. कवटीच्या तळाशी, नाकामागच्या पोकळीच्या वर, हाडाच्या छोट्या खळग्यात ती बसलेली असते. थायरॉईड, अ‍ॅड्रिनल, पाळी, शरीराची वाढ, अंगावरचं दूध, लघवीचं प्रमाण, सगळ्यांवर तिचा हुकूम चालतो. शेजार मात्र फार नाजूक. वरच्या अंगाला दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात आणि डाव्या-उजव्या बाजूंनी मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरॉटिड धमन्या वर चढतात. गाठ १ सेंटीमीटरपेक्षा लहान असली तर डॉक्टर तिला मायक्रो म्हणतात, त्याहून मोठी झाली की मॅक्रो, आणि ४ सेंटीमीटरच्या पुढे गेली की जायंट. वर वाढणारी गाठ डोळ्यांच्या नसांवर दाबते आणि बाजूची नजर जाते. समोरचं नीट दिसतं, पेपर वाचता येतो, पण शुक्रवारच्या म्हापसा बाजारात दोन्ही खांद्यांवर माणसं आदळू लागतात आणि स्कूटर वळवताना बाजूने आलेली गाडी दिसतच नाही. चष्म्याचा नंबर बदलून याला गुण येत नाही. अशी तक्रार असेल तर नेत्रतज्ज्ञाला ‘व्हिज्युअल फील्ड’ तपासायला सांगावं. कित्येक गाठी तिथूनच सापडतात.

आधी रक्त, मग सुरी

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी प्रोलॅक्टिनचा, म्हणजे अंगावर दूध आणणाऱ्या हार्मोनचा, रिपोर्ट हातात हवा. यात तडजोड नको. पिट्युटरीच्या गाठींपैकी एक मोठा गट प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या गाठींचा असतो आणि त्यांतल्या बहुतेकांवर पहिला उपाय गोळ्यांचा आहे. कॅबरगोलिनची गोळी आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची, आणि डोळ्यांच्या नसेवर दाबणारी मोठी गाठसुद्धा आक्रसू लागते. पाळी थांबलेली, अंगावर दूध येतंय, मूल राहत नाही, पुरुषाच्या बाबतीत इच्छा मंदावलेली, अशा माणसाला प्रोलॅक्टिन न पाहता टेबलावर घेणं ही यंत्राच्या अभावापेक्षा कितीतरी मोठी चूक ठरते.

या रिपोर्टात दोन खाचखळगे आहेत. गाठ प्रचंड मोठी आणि प्रोलॅक्टिन अतोनात वाढलेलं असेल तर लॅबच्या चाचणीची पद्धतच कोलमडते आणि आकडा खोटा कमी येतो. गाठ मोठी आणि आकडा मात्र किरकोळ, असं दिसलं तर नमुना पातळ करून चाचणी पुन्हा करायला सांगावं; लॅबवाल्यांना हे माहीत असतं. उलट, आकडा थोडा वाढलेला असला म्हणजे गाठ प्रोलॅक्टिनचीच असेल असंही नाही. मळमळीवर घेतलेली डोमपेरिडोन, अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेली लेव्होसल्पिराइड, मानसोपचारातली काही औषधं, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, या सगळ्यांनी प्रोलॅक्टिन वाढतं. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्यांची पाकिटंही डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे ती दाखवायची राहून जातात.

बाकीच्या चाचण्यांत सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, फ्री टी-४, आयजीएफ-१, सोडियम आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हवं. नुसत्या टीएसएचवर विसंबू नका. पिट्युटरीच आजारी असेल तर टीएसएच नॉर्मल दिसतं आणि थायरॉईड मात्र खाली गेलेलं असतं. कॉर्टिसॉल आणि थायरॉईड दोन्ही कमी निघाली तर आधी स्टेरॉईड आणि मग थायरॉक्सिन, हा क्रम उलटला तर जिवावर बेततं. अंगठी किंवा चपलेचा नंबर वाढत चालला आहे, जबडा पुढे आलाय, घोरणं वाढलंय, असं असेल तर ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ग्रोथ हार्मोनच्या गाठीत श्वासाची नळी बसवणं अवघड जातं.

थिएटरमध्ये काय काय असतं

ऑपरेशन चालू असताना आतलं चित्र पाहण्याची कल्पना नवी नाही. नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन हर्मन श्लोफर यांनी इन्सब्रुकला १९०७ साली केलं, तेव्हा सर्जनजवळ दिवा आणि डोळे एवढंच होतं. पुढे पॅरिसचे जेरार गियो आणि त्यांच्याकडे शिकलेले मॉन्ट्रियलचे ज्यूल हार्डी यांनी एक्स-रेच्या पडद्यावर अवजाराचं टोक पाहत काम करायला सुरुवात केली. हार्डींनी त्याला मायक्रोस्कोपची जोड दिली आणि चांगली ग्रंथी वाचवून नेमकी लहान गाठ तेवढी टिपून काढता येऊ लागली. ते एक्स-रेचं यंत्र, म्हणजे सी-आर्म, आज मोडलेलं हाड बसवणाऱ्या बहुतेक सगळ्या इस्पितळांत दिसतं. पिट्युटरीत ते एकच काम करतं: आपण हाडाच्या बरोबर खळग्याकडे चाललो आहोत की वर-खाली, ते दाखवतं. गाठ त्यात दिसत नाही.

त्यानंतर आली दुर्बीण. १९९०च्या दशकापासून एंडोस्कोपने ही शस्त्रक्रिया पार बदलून टाकली. नाकपुडीतून आत गेलेली ही नळी सरळ समोर पाहते आणि ३० किंवा ४५ अंशांच्या भिंगाने कोपऱ्यात वळूनही पाहते. एरवी न दिसणारी गाठीची शेपटी सर्जनला पडद्यावर समोर दिसते. माझ्या हिशेबी पिट्युटरीच्या ऑपरेशनातलं सगळ्यांत मोलाचं ‘इमेजिंग’ हेच, आणि ते आज जिथे न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ मिळून काम करतात अशा बऱ्याच ठिकाणी मिळतं.

नेव्हिगेशन म्हणजे आधी काढलेला सीटी आणि एमआरआय संगणकात भरायचा, रुग्णाच्या चेहऱ्याशी तो जुळवायचा, आणि मग अवजाराचं टोक कवटीत नेमकं कुठे आहे ते पडद्यावर पाहायचं. कवटीच्या तळाची हाडं ऑपरेशनात हलत नाहीत, त्यामुळे इथे ते चांगलं चालतं. ज्यांचं एकदा ऑपरेशन होऊन आतल्या खुणा पुसल्या गेल्या आहेत, किंवा ज्यांची नाकामागची पोकळी नीट तयारच झालेली नाही, त्यांच्यासाठी तर ते हवंच. मर्यादा एवढीच की ते चित्र ऑपरेशनच्या आधीचं. गाठ किती निघाली, किती राहिली, हे नेव्हिगेशन सांगू शकत नाही.

डॉपलरचा बारीक प्रोब धमनीचा आवाज ऐकवतो, त्यामुळे कॅरॉटिड कुठे आहे हे सुरी लावण्याआधी कळतं. यंत्र छोटं, स्वस्त आणि आवश्यक. अल्ट्रासाउंडनेही आत पाहता येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अलिअसगर मोईयदी यांनी मेंदूच्या गाठींसाठी नेव्हिगेशनला जोडलेल्या अल्ट्रासाउंडवर बरंच काम केलं आहे. पिट्युटरीसाठी मात्र नाकातून जाईल इतका बारीक प्रोब आणि तो वाचणारा सरावाचा डोळा दोन्ही लागतात.

आणि मग तो टेबलावरचा एमआरआय. ऑपरेशनसाठी पहिला एमआरआय बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स इस्पितळात १९९४च्या सुमारास बसला. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या सर्जननी पिट्युटरीसाठी त्याचा सर्वाधिक पाठपुरावा केला. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये आणि मुंबईत अंधेरीच्या कोकिलाबेन इस्पितळात असे कक्ष आहेत. कुठे चुंबक रुळावरून थिएटरमध्ये येतो, कुठे रुग्णाचं टेबल शेजारच्या खोलीत सरकवतात.

या यंत्राचा खरा उपयोग कुठे होतो ते समजून घ्या. मोठी गाठ आतून रिकामी होऊ लागली की तिच्या वरचा पडदा खाली लोंबतो, आणि त्याच्या घडीत गाठीचा तुकडा लपतो. सर्जनला वाटतं काम झालं. एमआरआय दाखवतो की वर, डोळ्यांच्या नसेखाली, अजून भाग उरलाय. रुग्ण अजून भुलीत असतो, वाट मोकळी असते, तर पुन्हा आत जाऊन तो काढता येतो. वर चढलेली मोठी गाठ, दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, दोन कप्प्यांत विभागलेली गाठ, इथे हा फायदा ठळक असतो.

दिल्लीत काय दिसलं

या बाबतीत आपल्या देशातला सर्वांत उपयोगी पुरावा एम्सचाच आहे. तिथल्या सर्जननी ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले: २५ जणांना टेबलावरच्या एमआरआयची मदत, २५ जणांना नेहमीच्या सी-आर्मची. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटात सरासरी ९४.९ टक्के गाठ निघाली, दुसऱ्यात ९३.६ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. त्याच वेळी एमआरआयच्या गटात दर चार रुग्णांमागे एकाच्या बाबतीत स्कॅन पाहून सर्जनने उरलेला भाग काढला, आणि त्यामुळे गुंतागुंत वाढली नाही.

या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात, पण तशा नाहीत. सी-आर्मच्या गटात दहा वर्षांपेक्षा जास्त अनुभवाचे सर्जन जास्त होते आणि दुर्बिणीची ऑपरेशनंही जास्त होती. हा फरक हिशेबात धरूनही निकाल बदलला नाही. अभ्यास लहान आहे, त्यातून शेवटचा निवाडा निघत नाही. पण घरच्यांसाठी त्यातून एक सरळ गोष्ट निघते. अनुभवी हात आणि चांगली दुर्बीण असेल तर एमआरआयविना काम बहुधा तितकंच चांगलं होतं. सर्जन तरुण असेल तर आपलं काम तिथल्या तिथे पडताळायला हे यंत्र त्याला मदत करतं. एम्सच्या लेखकांनी स्वतःही असंच मांडलं आहे. आणि सरासरीत दडलेला तो चारांतला एक रुग्ण आपल्या घरातलाही असू शकतो, हेही विसरून चालणार नाही.

अनुभवाचं वजन जुन्या अभ्यासातही दिसतं. अमेरिकेत १९९७ साली आयव्हन सिरिक आणि सहकाऱ्यांनी न्यूरोसर्जनना पाठवलेल्या प्रश्नावलीला आलेल्या ९५८ जणांच्या उत्तरांवरून या ऑपरेशनांचे निकाल मांडले. ज्यांनी २०० पेक्षा कमी ऑपरेशनं केली होती त्यांच्याकडे गुंतागुंत जास्त, ५०० च्या वर केलेल्यांकडे सर्वांत कमी. मुंबईच्या केईएम इस्पितळात डॉ. अतुल गोयल यांनी ११८ जायंट गाठींच्या ऑपरेशनांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. गाठ आपल्या पडद्यांच्या आत राहिली आहे की ते भेदून बाहेर पडली आहे, यावरून त्यांनी तिच्या पायऱ्या पाडल्या. कोणत्याही यंत्राआधी सर्जन एमआरआयच्या फिल्मवर हेच वाचतो.

चित्र दिसलं म्हणजे गाठ निघाली, असं नाही

गाठ बाजूच्या शिरांच्या कप्प्यात, ज्याला डॉक्टर कॅव्हर्नस सायनस म्हणतात, तिथे शिरून कॅरॉटिडला वेढून बसली असेल, तर स्कॅनमध्ये ती कितीही स्पष्ट दिसो, तिथे ओढाओढ करण्यात शहाणपण नसतं. व्हिएन्नाच्या क्नोस्प यांनी याच पसरण्याची ० ते ४ अशी श्रेणी लावली आहे आणि रिपोर्टात ती बहुतेकदा लिहिलेली असते. श्रेणी ४ असेल तर ‘पूर्ण निघेल’ असं आश्वासन देणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावं. अशा वेळी डोळ्यांच्या नसेवरचा दाब काढायचा आणि उरलेल्या भागासाठी औषध किंवा रेडिएशन, अशीच योजना सहसा असते. तिथे टेबलावरच्या एमआरआयने निर्णय फारसा बदलत नाही.

अगदी लहान गाठीतही त्याचा भरवसा कमी. कुशिंगच्या आजारात, म्हणजे गाठीमुळे कॉर्टिसॉल वाढतं तिथे, कित्येकदा गाठ इतकी बारीक असते की ऑपरेशनआधीच्या एमआरआयतही ती दिसत नाही; मग रक्ताळलेल्या पोकळीत ती शोधणं आणखी अवघड. तिथे निकाल सांगतं ते ऑपरेशननंतरच्या दिवसांतलं कॉर्टिसॉल.

आणि नुकत्याच काढलेल्या चित्रावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. विहीर उपसल्यावर पाणी काही वेळ गढूळ राहतं, तसंच गाठ काढलेल्या खळग्याचं असतं: त्यात रक्त, हवा, ठेवलेला कापूस, भरलेली चरबी, सगळं असतं. रक्ताचा गोळा गाठीसारखा दिसू शकतो, आणि दाबलेली चांगली ग्रंथीही गाठ समजून काढली जाऊ शकते. ती गेली की रुग्णाला जन्मभर स्टेरॉईड आणि थायरॉईडच्या गोळ्या. म्हणून ‘स्कॅनमध्ये काही दिसलं तर काढाल का?’ यापेक्षा ‘काही दिसलं तर तो गाठीचाच भाग हे कसं ठरवता, आणि काढायचं नाही असं कधी ठरवता?’ हा प्रश्न जास्त उपयोगी.

सल्ल्याला जाल तेव्हा

प्रश्न विचारायला लाजू नका, आणि ते कागदावर लिहून न्या. आपल्या सर्जननी गेल्या वर्षभरात नाकातून किती पिट्युटरी केल्या? सोबत कान-नाक-घसा तज्ज्ञ असतात का? ऑपरेशनआधी आणि नंतर हार्मोन कोण पाहणार, एंडोक्रायनॉलॉजिस्ट त्या इस्पितळात रोज असतात का? माझी गाठ पूर्ण निघण्याजोगी आहे की काही भाग जाणूनबुजून ठेवणार? टेबलावरचा एमआरआय काढणार असाल तर तो माझ्या गाठीत कोणता निर्णय बदलू शकतो? या शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर आलं नाही, नुसतं ‘आमच्याकडे सगळं अत्याधुनिक आहे’ एवढंच आलं, तर मी त्या यंत्रासाठी जादा पैसे मोजणार नाही.

म्हापशात पेडे इथल्या जिल्हा इस्पितळातून (लोक अजून त्याला आझिलोच म्हणतात), तुयेहून, साखळीहून किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवला जातो. तिथे न्यूरोसर्जरी आणि एंडोक्रायनॉलॉजी दोन्ही विभाग आहेत. बाहेर जायचं ठरलं असलं तरी आधी तिथे तपासून घ्या आणि केसपेपर काढून ठेवा. मुंबईत किंवा वेलोरला ऑपरेशन करून घरी आल्यावर मध्यरात्री काही झालं तर गाठायचं इस्पितळ बांबोळीचंच आहे, आणि तिथे आपलं नाव आधीपासून असलेलं बरं. आणखी एक: अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, दिसेनासं होणं किंवा एक पापणी खाली येणं, असं झालं तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा कोणत्याच शहरातल्या कोणत्याच यंत्राचा विचार न करता १०८ ला फोन करून गोमेकॉ गाठावं.

एमआरआयची सीडी मूळ डायकॉम स्वरूपात मागून घ्या. मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर कोणताही सर्जन नीट सांगू शकणार नाही. एमआरआय ‘पिट्युटरी प्रोटोकॉल’चा, बारीक कापांचा आणि कॉन्ट्रास्ट दिलेला असावा, नुसता ‘ब्रेन एमआरआय’ असेल तर तो बहुधा पुन्हा काढावा लागतो, म्हणून पहिल्यांदाच तसं लिहून घ्या.

टेबलावरचा एमआरआय होणार असेल तर अंगातल्या धातूची गोष्ट लपवू नका. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप, हे सगळं सांगायचं. डिचोली, मये, साखळीच्या पट्ट्यात खाणींच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग-ग्राइंडिंग करणारे बरेच आहेत. कधीकाळी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल आणि तो निघाल्याची खात्री नसेल, तर एमआरआयआधी डोळ्याचा एक्स-रे किंवा सीटी काढून घेतात, कारण चुंबकात तो कण हलू शकतो. किडनीचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवा, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन त्यावर ठरतं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, तारीख डॉक्टर ठरवतील.

त्या दिवशी थिएटरच्या बाहेर बसणाऱ्यांना एक गोष्ट माहीत असावी. मध्येच स्कॅन काढायचा म्हणजे जखम झाकायची, लोखंडी अवजारं मोजून बाजूला करायची, टेबल किंवा चुंबक हलवायचा, चित्रं काढायची, आणि गरज असेल तर पुन्हा आत जायचं. यात सहज तासभर जास्त जातो. उशीर होतोय याचा अर्थ काहीतरी बिघडलं असा लावू नका.

पैशांचं आधी लेखी घ्या. ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये एमआरआय धरलाय की त्याचं वेगळं बिल, उपकरणांचे वेगळे किती, आयसीयूचे किती दिवस, हे सगळं कागदावर हवं. २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण ठरवलेलं आहे, पण ते ठरावीक उपचारांना आणि योजनेतल्या इस्पितळांनाच लागू. दाखल होण्याआधी त्या इस्पितळातल्या योजनेच्या टेबलावर आपलं कार्ड आणि उपचाराचं नाव दाखवून खात्री करा. गोव्याबाहेरच्या उपचारासाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना वेगळी आहे, तिचे निकष वेगळे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडून येणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या योजनेचं आधी विचारून घ्यावं.

घरी आल्यावर

ऑपरेशन किती छान झालं यापेक्षा पुढचे दोन आठवडे कसे जातात यावर बरंच अवलंबून असतं, आणि तिथे टेबलावरचा एमआरआय काही मदत करत नाही. नाकातून पातळ, पाण्यासारखं, खाली वाकलं की टपटपणारं, चवीला खारट पाणी आलं तर ते सर्दीचं समजू नका; मेंदूभोवतीचं पाणी गळत असेल. ताप आणि मान आखडणं सोबत आलं तर तातडीने इस्पितळ. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, कुंथायचं नाही, पाण्याची घागर किंवा गॅसचा सिलिंडर उचलायचा नाही. ऑपरेशन चतुर्थीच्या आसपास आलं तर आरतीला बसा, टाळ्या वाजवा, पण शंख फुंकायचं काम त्या वर्षी दुसऱ्याला द्या. समुद्रात किंवा तळीत बुडी मारणं काही आठवडे बंदच.

पहिल्या काही दिवसांत लघवी अतोनात होते, तहान भागत नाही, असं होऊ शकतं. किती प्यायलो आणि किती लघवी झाली हे वहीत लिहायचं. त्याउलट, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातलं सोडियम घसरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस सुस्त आणि गोंधळल्यासारखा होतो. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, शहाळं पाजा, पाणी पाजा, आणि त्याने सोडियम आणखी खाली जातं. या काळात किती प्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच, आणि साधारण सातव्या दिवशी सोडियमची तपासणी करून घ्यायचीच. ती म्हापशातल्या कोणत्याही बऱ्या लॅबमध्ये होते.

म्हणूनच मुंबईत ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जच्या दुसऱ्याच दिवशी मोपचं विमान पकडायची घाई करू नका. कवटीत हवा राहिलेली असू शकते आणि विमानातल्या बदलत्या दाबाचा त्रास होतो. तिकीट काढण्याआधी सर्जनला विचारा. पहिला आठवडा-दीड आठवडा त्याच शहरात राहायची सोय करून ठेवली तर सोडियमचा धोक्याचा काळही इस्पितळाजवळच सरतो. मग रेल्वेने थिवीला किंवा पेडण्याला उतरा.

स्टेरॉईडची गोळी सुरू केली असेल तर ती आपण होऊन एक दिवसही बंद करायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवायचा, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन घ्यायला जायचं. खिशात एक चिठ्ठी ठेवा: पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे. अपघात झाला तर दवाखान्यातल्या माणसाला ती चिठ्ठी सगळं सांगते.

टेबलावरचा एमआरआय ‘स्वच्छ’ आला असला तरी पुढची तपासणी चुकवू नका. सूज आणि रक्त ओसरल्यावर साधारण तीन महिन्यांनी काढलेला एमआरआय हाच पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असतो. ग्रोथ हार्मोनची गाठ असेल तर आयजीएफ-१ ही तेव्हाच पाहतात, आणि नजर गेलेली असेल तर व्हिज्युअल फील्डही पुन्हा करतात. तो एमआरआय शक्यतो त्याच केंद्रात, त्याच प्रोटोकॉलने काढा, आणि जाताना ऑपरेशनआधीची आणि टेबलावरची अशा दोन्ही सीडी सोबत न्या. आधीची चित्रं शेजारी ठेवून वाचा, असं रेडिऑलॉजिस्टना विनंती करून सांगा. त्यासाठी थोडा वेळ बाहेर थांबावं लागलं तरी थांबा.